चव्वेचाळिसाव्या दिवसाची कॅसेट

१

मंगळवार, ५ ऑगस्ट १९९७. दुपारचे चार वाजून वीस मिनिटं. मोंतेविदेओ शहर, पालेर्मो वस्ती, दुसरा मजला, मागच्या अंगाची खोली. खिडकी बंद, गॅसची शेगडी चालू. टेबलावर टाइपरायटर आणि टेपरेकॉर्डर. हजर: निबिया एचेगोयेन, वय सहासष्ट, निवृत्त रेडिओ बातमीदार. दुसरं कोणी नाही.

हा तपशील निबियाने त्याच संध्याकाळी टिपून ठेवला. बत्तीस वर्षं तिने बातमी अशीच सांगितली होती: आधी तारीख, मग वेळ, मग जागा, मग हजर कोण. मंत्र्यांनी तिच्यावर फोन आपटले होते, लष्कराच्या राजवटीत दोनदा तिच्या हातून माइक काढून घेतला होता, पण ‘हजर कोण’ हे तिने कधी गाळलं नव्हतं. बातमीत माणसं मोजायची असतात, असं ती नव्या पोरींना दटावून सांगायची. मोजली नाहीत तर एक दिवस मोजायला कोणी उरत नाही.

त्या दुपारी ती युरोपच्या प्रवासाच्या कॅसेटी टाइप करत होती. एकसष्ट दिवस, एकसष्ट कॅसेटी. एप्रिलच्या एकविसाव्या तारखेपासून जूनच्या विसाव्या तारखेपर्यंत रोज संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत ती आणि तिचा नवरा एबेर समोरासमोर बसायचे, मशीन चालू व्हायचं आणि दिवसाचा अहवाल नोंदला जायचा. प्रवास आखला होता एबेरने, नोंदला होता तिने. एबेर रेल्वेत वेळापत्रकं करायचा. उतारू गाड्या बंद झाल्या तेव्हा त्याच्या हाताला वेळापत्रक उरलं नाही, म्हणून त्याने युरोपचं करायला घेतलं. नऊ वर्षं. चौकटीच्या कागदावर दर दिवसाचं एक पान: गाडी, फलाट, सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, मुक्काम. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘माणसं: २’.

नवव्या दिवसाची कॅसेट लावली होती. तिचाच आवाज आला: “दिवस नववा. लेओन. संध्याकाळचे सात. खोली क्रमांक बारा. हजर: एबेर आणि मी.” मग देवळाच्या रंगीत काचांबद्दल एबेरचं लांबण. आणि त्या बोलण्याच्या मागे, सवयीचा, म्हणून इतके दिवस कानाबाहेर राहिलेला आवाज. थर्मासमधून गरम पाणी ओतल्याचा. येर्बाचा.

येर्बा, म्हणजे तिकडचा कडू पाल्याचा चहा, ही एकट्याने प्यायची वस्तू नव्हे. भोपळ्याचा एकच पेला, धातूची एकच नळी. एक जण ओतणारा. तो पाल्यावर गरम पाणी ओततो, पहिला पेला स्वतः ओढून संपवतो, पुन्हा भरतो आणि पुढच्याला देतो. पुढचा तळाशी फुरका वाजेपर्यंत ओढतो आणि पेला ओतणाऱ्याकडे परत करतो. असंच फिरत राहायचं. ज्याला पुरे झालं त्याने पेला परत देताना ‘आभार’ म्हणायचं. तो शब्द एकदा तोंडून गेला की त्याला पुन्हा मिळत नाही. एचेगोयेनांच्या घरात एक्केचाळीस वर्षं निबियाच ओतत आली होती.

तिने टाइप करणं थांबवलं. पाणी ओतलं, फुरका. पाणी ओतलं, फुरका. पाणी ओतलं, फुरका.

मग तिचा आवाज: “थांब, आधी माझा होऊ दे.” पाणी, फुरका.

दोन माणसांत पेला दोन खेपांनी आपल्याकडे येतो. हा तिसऱ्या खेपेनंतर आला होता. तिने फीत मागे नेली आणि बोटांवर मोजलं. फेरी तीन जणांची होती.

२

पहिल्याप्रथम तिला राग आला तो स्वतःचाच. सहासष्टाव्या वर्षी माणसाने नळाचे आवाज ऐकून दचकावं, हे तिच्या लेखी लाजिरवाणं होतं. जुनं हॉटेल, भिंतीतून जाणारे गरम पाण्याचे नळ. ते गुरगुरतात, फुरफुरतात. तिने दहाव्या दिवसाची कॅसेट लावली. बायोनची लाकडी खोली, पाय टाकला की करकरणारी. पाणी, फुरका, पाणी, फुरका, पाणी, फुरका. तुलूझ. पॅरिस. गेंट, जिथे खिडकीखाली कालवा होता आणि खोलीतल्या बोलण्याला ओलसर घुमारा होता. प्रत्येक खोलीचा नाद वेगळा. तिसरा फुरका मात्र जसाच्या तसा: लांब, सावकाश, घाई नसलेल्या माणसाचा.

नळ खोलीगणिक बदलतात, हे तिला कळत होतं. पण काहीतरी लिहायला हवं होतं म्हणून तिने तक्ता केला. एक ते आठ दिवस: दोन. नऊ ते त्रेचाळीस: तीन. पंचेचाळीस ते एकसष्ट: दोन. चव्वेचाळिसाव्या दिवसाची कॅसेट मशीनने त्रेंतोमध्येच चावली होती, फीत लोंबत होती, ती वाजवता येत नव्हती.

तक्ता पाहिला आणि तिला हुश्श झालं. शेवटचे सतरा दिवस दोनच. जून लागला की तिकडे खोल्या गरम करणारे नळ बंद करतात. नळ बंद, आवाज बंद. तिने तक्त्याखाली तसं टाइप केलं आणि खाली रेघ मारली.

एबेर पुढच्या खोलीत टेबलाशी पट्टी-पेन्सिल घेऊन बसला होता.

“म्हाताऱ्या,” ती दारातून म्हणाली, “तिकडे आपला थर्मास कधी पुरायचा नाही, आठवतंय?”

“अर्ध्यातच संपायचा. तू त्या गेंटच्या बाईला झापलं होतंस, पाणी कमी भरता म्हणून.”

“थर्मास तर आपलाच होता. इथे दोघांना पुरतो.”

“इथे दोघांना पुरतो,” एबेर म्हणाला. मान वर न करता.

“काय करतोयस?”

“पानं.”

“कसली? प्रवास झाला ना.”

“पुढच्या वर्षीची. गाड्यांच्या वेळा एक-दोन मिनिटांनी सरकल्यात. बाकी तेच.”

ती पाहत राहिली. वरच्या पानावर ‘दिवस १’ लिहिलं होतं. तेच शहर, तेच हॉटेल. कोपऱ्यात ‘माणसं: २’.

३

चव्वेचाळिसावी कॅसेट दुरुस्त करायला मिल्टन तेचेरा आला. रेडिओवर वीस वर्षं तिचा ध्वनिमुद्रक. एके काळी दाराला अडकेल एवढा जाड होता. आता आजारपणाने वाळला होता, पण निबियासाठी तो ‘जाड्या’च आणि त्याच्यासाठी ती ‘सुकडी’.

“सुकडे, नवरा कुठाय?”

“नकाशे आणायला गेलाय.”

“अजून? युरोपात असा कुठला बोळ राहिलाय ज्यात तो शिरला नाही?” त्याने आटवलेल्या दुधाच्या केकचा मोठा तुकडा ताटलीत घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि फीत दिव्यासमोर धरली. “नीट चावलंय की गं मशीनने. नऊ-दहा सेंटिमीटर कापावी लागेल.”

“काय जाईल त्यात?”

“दोन सेकंद. दोन सेकंदांत कुणी मरत नाही.”

ब्लेडने कापून, चिकटपट्टी लावून त्याने फीत गुंडाळली आणि चालू केली.

“दिवस चव्वेचाळिसावा. त्रेंतो. संध्याकाळचे साडेसात. खोली क्रमांक सात. हजर: एबेर आणि मी.” दूरवर घंटा. उघडी खिडकी. एबेर किल्ल्याच्या पायऱ्यांची संख्या सांगत होता. पाणी, फुरका, तिचा. पाणी, फुरका, एबेरचा. तो शेवटी दोनदा ओढतो. पाणी. तिसरा.

मिल्टनने तिच्याकडे पाहिलं. तिने त्याला काही सांगितलं नव्हतं, मुद्दाम. साक्षीदाराला आधी काही सांगायचं नसतं.

“पाहुणे होते का?” त्याने विचारलं.

“ऐक नुसतं.”

आणखी एक फेरी. मग कॅसेटवर निबियाचा आवाज आला, स्वच्छ, जवळून, थकलेला:

“आभार.”

मिल्टनने मशीन बंद केलं.

“तू ओतत होतीस ना?”

“मीच. नेहमी मीच.”

“अगं, ओतणारा कधी आभार म्हणतो का? कोणाला म्हणणार, स्वतःला?”

“मला येर्बा शिकवू नकोस, जाड्या. लाव.”

त्याने लावलं. खुर्ची सरकली. पलंगाची स्प्रिंग वाजली, कोणी आडवं झाल्यासारखी. आणि मग थर्मासचं झाकण फिरलं, पाणी ओतलं गेलं आणि लांब, सावकाश फुरका वाजला. पाणी. एबेरचा, शेवटी दोनदा ओढलेला. पाणी. लांब, सावकाश. पेला आता दोघांतच फिरत होता.

एबेर बोलत होता. “हो, उद्या लवकर निघू,” तो म्हणाला. मग चार सेकंद काही नाही. मिल्टन सवयीने घड्याळाकडे पाहत होता. “नऊ वाजून दहाची गाडी आहे. खिडकीकडची जागा तुला.” चार सेकंद. एबेर हसला; तसं हसलेलं निबियाने कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. मग त्याचा आवाज खाली आला.

“नको. तिला झोपू दे.”

फीत संपली. खट्ट झालं.

मिल्टन तक्ता वाचत होता. “हे पंचेचाळीस ते एकसष्ट, दोन लिहिलंयस.”

“नळ बंद झाले म्हणून.”

“सुकडे,” तो म्हणाला, “दोन, पण कोण दोन?”

त्याने पंचेचाळिसावी लावली. ल्युब्लियाना. “हजर: एबेर आणि मी,” निबियाचाच आवाज, त्यात शंका नव्हती. पाणी. पहिला फुरका नेहमी ओतणाऱ्याचा. तो लांब होता, सावकाश होता. दुसरा एबेरचा. तिचा स्वतःचा, तोकडा, घाईघाईचा, बातमी थंड होईल अशा भीतीने ओढलेला फुरका एकामागून एक लावलेल्या सतराही कॅसेटींत एकदाही नव्हता. तिसऱ्या जागेवरचा आवाज पहिल्या जागेवर जाऊन बसला होता.

मिल्टनने हत्यारं पिशवीत भरली. केक ताटलीतच राहिला.

“आत्ता खोलीत जे झालं ते तू लिहिणार,” तो दारात म्हणाला, “मला ठाऊक आहे तू लिहिणार. तर हेही लिही की मी फक्त फीत जोडली. ऐकलं काही नाही.”

“वीस वर्षं माझ्यासोबत काम केलंस आणि आता खोटं बोलतोस?”

“वीस वर्षं तुझ्यासोबत काम केलं म्हणूनच,” तो म्हणाला आणि जिन्याच्या कठड्याला धरून उतरू लागला.

४

बातमीदाराला शेवटचा साक्षीदार स्वतःच उरतो तेव्हा त्याचीही उलटतपासणी करावी लागते. निबियाने ती केली. ल्युब्लियानात काय खाल्लं? व्हिएन्नात खोली कितव्या मजल्यावर? बुडापेस्टला पाऊस होता का? उत्तरं तिला येत होती. पण ती आठवत होती की टाइप केलेल्या पानांवर वाचली होती, हे तिला सांगता येईना. पूल आठवत होते, पुतळे आठवत होते. ते तर रंगीत पोस्टकार्डांवरही असतात. गुडघा कुठे दुखला, कोणत्या बाकड्याला खिळा होता, कुठल्या वेटरशी भांडण झालं, असली बिनकामाची आठवण त्रेंतोपर्यंत ढिगाने होती. त्रेंतोनंतर एकही नाही. सतरा दिवसांत तिचं कोणाशीच भांडण झालं नव्हतं. ज्याने तिला ओळखलं होतं त्याला एवढा एक पुरावा पुरला असता.

तिने एक प्रयोग केला. रविवारी दुपारी, लख्ख उन्हात, येर्बाचा पेला भरला आणि एबेरसमोर बसली. मशीन चालू ठेवून, उघड. एक फेरी, दोन, चार. मग तिथेच फीत मागे नेऊन वाजवली. तिचा फुरका, त्याचा फुरका. तिचा, त्याचा. घर स्वच्छ होतं.

“काय ऐकतेस?” एबेरने विचारलं.

“इथे कोणी नाही.”

“इथे कसं असेल?” तो शांतपणे म्हणाला. “इथे गाड्या कुठे धावतात?”

रस्त्यावरून एक बस गेली आणि कपाटातल्या काचा थरथरल्या. निबियाने पेला खाली ठेवला.

“कोण आहे ती, एबेर?”

त्याने तिच्याकडे पाहिलं. त्यात चोरी नव्हती, ओशाळेपणा नव्हता. थोडं नवल होतं.

“हे तू मला विचारतेस? रोज तूच तर पेला भरून तिच्या हातात देत होतीस. मला वाटलं, तुझ्याच ओळखीची कोणी असेल.”

“मी?”

“लेओनपासून. मी म्हटलं, बरं आहे, बायकोला सोबत झाली.”

“दिसते कशी?”

“कशी म्हणजे? कोणाकडे असं टक लावून बघतात का? खिडकीशी बसायची, उजेड पाठीमागे.” तो विचारात पडला, वेळापत्रकातलं मिनिट शोधल्यासारखा. “तुझ्यासारखीच. फक्त ती प्रश्न विचारत नाही.”

निबियाने मशीन बंद केलं.  

५

डॉक्टर म्हणाला, ह्या वयात होतं. कोणाला होतं, तिला की त्याला, हे विचारल्यावर तो औषधाच्या चिठ्ठीवर काहीतरी गिरवत बसला. शहरातल्या बास्क लोकांच्या क्लबात ती प्रवासाचा मजकूर वाचून दाखवणार होती; तिथल्या सेक्रेटरीने वाचन कधी ठेवायचं म्हणून तीनदा फोन केला. तिने तिन्ही वेळा मजकूर तयार नाही म्हणून सांगितलं, आणि हे तिच्या आयुष्यातलं पहिलं हुकलेलं काम होतं. शेजारची एलिदा म्हणाली, “अगं, नवरा हसतोय ना? माझा गेल्या बारा वर्षांत हसला नाही. काय तक्रार करतेस!”

आणि एबेर खरंच बरा होता. पेन्सिली टोकदार, दाढी रोज. पानं एकेक करत वाढत होती. नाताळ झाला, उन्हाळा झाला, किनाऱ्यावरची गर्दी ओसरली. निबिया त्याच्याशी भांडायला पाहत होती; एक्केचाळीस वर्षं भांडणावर चाललेला संसार भांडणानेच परत येईल असं तिला वाटत होतं. तो भांडत नव्हता. ती काही बोलली की तो ऐकायचा, आणि उत्तर द्यायच्या आधी थांबायचा. तिने घड्याळ लावून पाहिलं नाही. लावायची गरज नव्हती.

मार्चमध्ये तिने शरण जाऊन पाहिलं.

“मीही येते.”

एबेर गोंधळला, सभ्यपणे, अनोळखी बाईने चुकीच्या डब्याचं तिकीट दाखवावं तसा.

“तू? कशी? खोल्या दोघांच्याच आहेत.”

“मग मी दुसरी नाही का?”

तो थांबला. चार सेकंद. “उगाच विचारू नकोस, म्हातारे,” तो म्हणाला, प्रेमाने.

त्या दुपारी तो दाढीचं सामान आणायला खाली उतरला तेव्हा तिने फाइल उघडली, चव्वेचाळिसाव्या दिवसाचं पान काढलं आणि शेगडीवर जाळलं. चौकटीचा कागद जळताना आधी रेघा तांबड्या होतात, मग अक्षरं. तिला वाटलं, ज्या दिवशी ती दुसरी आपल्या जागेवर बसली त्या दिवसालाच तिला पोचता आलं नाही, तर पुढचं सगळं कोसळेल. हा विचार वेडाचा आहे हे तिला कळत होतं. तिने तरीही राख चमच्याने चुरली.

एबेर आला, वास घेतला, फाइल पाहिली. चिडला नाही.

“वेळापत्रकाचं पान हरवलं म्हणून गाडी थांबत नाही,” तो म्हणाला. “वाट पाहणारं माणूस स्टेशनावर असतंच.”

वीस एप्रिल १९९८ ला, सकाळी, तो गेला. विमानतळावर निबिया काचेपलीकडून पाहत होती. दोन बॅगा. रांगेत त्याने एक बॅग पुढे सरकवली आणि दुसरी मागे ठेवून मध्ये एका माणसापुरती जागा सोडली. मग पुढे गेला. त्याच्या मागचा माणूस त्या रिकाम्या जागेत शिरला नाही. कशासाठी कोण जाणे, थांबून राहिला.

६

एबेर दर रविवारी फोन करणार होता. पहिल्या चार रविवारी केला. लेओनच्या अलीकडून, तुलूझहून, पॅरिसहून, कोलोनहून. आवाज खुशीत. चौथ्या फोनला निबियाने विचारलं, “सोबत कोण आहे?” तो म्हणाला, “थांब हं,” आणि रिसीव्हर कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. ओढलेला फुरका. लांब, सावकाश. मग फोन ठेवला गेला. कोणी ठेवला ते तिला सांगता येणार नाही.

पाचव्या रविवारी फोन आला नाही. सहाव्या रविवारीही नाही.

यानंतर जे झालं ते गूढ नव्हे, ते नेहमीचंच. परराष्ट्र खात्याने सांगितलं, पोलिसांकडे जा. पोलिसांनी सांगितलं, प्रौढ माणूस स्वखुशीने गेलाय, खात्याकडे जा. एका अधिकाऱ्याने नवरा-बायकोचं पटत होतं का हे विचारताना टेबलाखाली नखं साफ केली. निबियाने त्याचं नाव विचारलं, वेळ विचारली, लिहून घेतली. बुधवार, तीन जून १९९८, चव्वेचाळिसावा दिवस: पानाप्रमाणे एबेर इटलीत, त्रेंतोत असायला हवा होता, म्हणून ती इटलीच्या वकिलातीत गेली आणि अर्ज घेतल्याशिवाय हलणार नाही म्हणाली. कारकुनाने तिचा पासपोर्ट मागितला, उलटसुलट पाहिला, क्रमांक उतरवून घेतला आणि पोच दिली.

एबेर कोलोनच्या पुढे कोणाला भेटला असेल याची तिने स्वतःच चौकशी केली. पानं तिला पाठ होती. प्रत्येक हॉटेलला पत्र लिहिलं, सतरा पत्रं. अकरांना उत्तर आलं नाही. पाच जणांनी नोंद नाही म्हणून कळवलं. त्रेंतोच्या हॉटेलच्या मालकिणीने मात्र पाहुण्यांकडून भरून घेतात त्या कार्डाची छायाप्रत पाठवली, सोबत सौजन्याची एक ओळ. एबेर एचेगोयेनचा हा शेवटचा ठावठिकाणा आहे. चार जूनला सकाळी त्यांनी खोली सोडली. त्यानंतर तो कुठल्याही सीमेवर, कुठल्याही इस्पितळात, कुठल्याही यादीत सापडलेला नाही.

७

दोन्ही कागद निबियाने शेजारी शेजारी ठेवून त्यांच्या सोळा प्रती काढल्या आणि सोळा कचेऱ्यांना पाठवल्या. पहिला कागद, कार्ड: त्रेंतो, ३ जून १९९८, रात्रीचे आठ पन्नास, खोली क्रमांक सात, पाहुणे दोन. एबेर एचेगोयेन, सही. निबिया एचेगोयेन, पासपोर्ट क्रमांक, सही. क्रमांकात एकही आकडा चुकलेला नाही. सही तपासायला तिने दोन स्वतंत्र जाणकारांना दिली, एकमेकांचं नाव न सांगता. दोघांनीही लिहून दिलं की ती तिचीच आहे.

दुसरा कागद, वकिलातीची पोच: मोंतेविदेओ, ३ जून १९९८, दुपारचे तीन पन्नास. ‘अर्जदार निबिया एचेगोयेन समक्ष हजर. मूळ पासपोर्ट पाहून परत केला.’ खाली शिक्का, कारकुनाची सही.

जूनमध्ये त्रेंतोचं घड्याळ मोंतेविदेओच्या पाच तास पुढे असतं.

सोळाही कचेऱ्यांनी कागद मिळाल्याचं कळवलं आहे. त्या एकाच मिनिटाला त्या दोन टेबलांपैकी कोणत्या टेबलाशी निबिया एचेगोयेन उभी होती, आणि दुसऱ्याशी कोण, हे त्यांतल्या एकीनेही लिहून दिलेलं नाही.